मुलगा मोटार कंपनीत लागतो तेव्हा

आमच्या बेगमची धाकटी बहीण ईदनंतरच्या आठवड्यात मंचरहून आली, ती प्लास्टिकची फाइल छातीशी धरूनच. फाइलमध्ये मुलाची दहावीची गुणपत्रिका, आयटीआयचं फिटर ट्रेडचं सर्टिफिकेट, आधारची झेरॉक्स आणि सगळ्यांत वर एक रंगीत कागद. कागदावर एका मोठ्या मोटार कंपनीचा शिक्का. ‘आपली निवड झाली आहे’ असा मजकूर. खाली बारीक अक्षरात गणवेश, मेडिकल आणि ट्रेनिंग किट यांचे मिळून ३५ हजार रुपये अमुक खात्यावर तीन दिवसांत भरावेत, अशी सूचना.

“दुल्हाभाई, कंगन मोडले तर होतात एवढे,” ती म्हणाली. “फक्त तुम्ही एकदा नजर टाका. तुम्ही तिथलेच ना.”

आम्ही तिथलेच, म्हणजे पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका मोटार कारखान्यात २६ वर्षं उभे राहून निवृत्त झालेले. म्हणून दर जूनमध्ये अशा फायली आमच्याकडे येतात. आम्ही एकच विचारलं, “मुलाखत झाली का?”

“नंतर घेतील म्हणाले.”

कागद तिथेच बाजूला ठेवला. मुलाचं तोंडही न बघता त्याला घेणारी कंपनी आम्ही पाहिलेली नाही. मोठ्या कंपन्या भरतीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत, आणि बऱ्याच जणी तसं आपल्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहितात. आम्ही लागलो तेव्हा बूट, गणवेश, रक्त तपासणी, सगळा खर्च कंपनीचा. कागदावरचा ईमेल पत्ता तर असा फुकटचा, की तो कुणीही पाच मिनिटांत उघडावा. कंगन वाचले, पण बहिणीचा चेहरा पडला. कारण त्या कागदाच्या भरवशावर शिरूरला एक बात चालू होती आणि मुलीकडच्यांना ‘लडका कंपनी में परमनंट लग गया’ असं कळवूनही झालं होतं.

म्हणजे फसवणूक दोन झाल्या होत्या. एक तिची, दुसरी तिच्या हातून. दुसरीबद्दल त्या दिवशी आम्ही काही बोललो नाही.

नशीब असं, की पंधरा दिवसांतच त्याच्या आयटीआयमध्ये चाकणच्या एका खऱ्या कंपनीची भरती आली. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत, मग मेडिकल. पोरगा दोन दिवस आमच्याकडे राहायला आला. “खालू, काय विचारतात तेवढं सांगा.”

ज्यांच्या घरात असा पोरगा आहे त्यांनाही उपयोग होईल, म्हणून त्या दोन दिवसांचं जरा सविस्तर लिहितो.

लेखी परीक्षेत दहावीपर्यंतचं गणित असतं, ट्रेडचे प्रश्न असतात, थोडं ड्रॉइंग वाचायचं असतं. पोरं नापास होतात ती बहुधा शेकडेवारीत आणि अपूर्णांकात, यंत्रात नव्हे. मुलाखतीत साधारण दोन माणसं बसतात, एक एचआरचा आणि एक शॉपचा. शॉपवाला हात बघतो, म्हणजे प्रश्न विचारून बघतो. व्हर्नियरचा लीस्ट काउंट किती? ०.०२ मिलिमीटर. मायक्रोमीटरचा? ०.०१. एम ८ बोल्टला पाना कितीचा लागतो? पोरगा म्हणाला, आठचा. आम्ही त्याला पेटी काढून दिली आणि म्हटलं, लावून बघ. तेराचा लागला. आठ हा बोल्टच्या दांड्याचा व्यास, पाना बसतो डोक्यावर. हे एकदा हातानं कळलं की माणूस विसरत नाही. चाकाचे नट एकापुढे एक गोल का आवळत नाहीत, समोरासमोरचे का आवळतात? चाक सगळीकडून सारखं बसावं म्हणून. एवढं त्याला येत होतं, त्याच्या अब्बांची रिक्षा असल्यानं.

एचआरवाल्याचे प्रश्न सोपे वाटतात आणि तिथेच पोरं घसरतात. घरी कोण कोण? वडील काय करतात? राहणार कुठे? रात्रपाळी जमेल का? पोरगा म्हणाला, “अब्बांचं काय सांगू? बिझनेस सांगू?” आम्ही म्हटलं, रिक्षा चालवतात असं सांग आणि तिचं इंजिन तू खोललंस तेही सांग. रिक्षावाल्याच्या पोराला पहाटे चारला उठायची सवय असते, हे तिथल्या माणसाला कळतं.

एक प्रश्न मात्र त्या टेबलावर नक्की येतो. काम करताना तुझ्या हातून चूक झाली आणि कुणी पाहिलं नाही, तर काय करशील? सगळी पोरं म्हणतात, “साहेब, चूक होऊच देणार नाही.” समोरचा मान डोलावतो आणि कागदावर काहीतरी लिहितो. काय लिहितो, ते आम्हाला पुढे त्या बाजूला बसल्यावर कळलं. हे उत्तर देणाऱ्याला लाइनची माहिती नाही, एवढाच त्याचा अर्थ.

लाइन म्हणजे काय, ते आमच्या भगिनींना सांगायला हवं, कारण डबा त्याच भरतात. आठ तासांची पाळी, म्हणजे ४८० मिनिटं. चहा-जेवणाची ४० वजा केली तर उरली ४४०. तेवढ्यात ४०० गाड्या काढायच्या असतील तर एका गाडीला ६६ सेकंद. गाडी सरकत येते, समोरून जाते, ६६ सेकंदांनी पुढची येते. तुमच्या हातात चार बोल्ट असतील तर चार बोल्ट, वायरचा एक जोड असेल तर एक जोड. दिवसाला ४०० वेळा तेच. शिंक आली तरी हिशेबात धरावी लागते.

ही तऱ्हा अमेरिकेतली. डेट्रॉइटजवळच्या हायलँड पार्कात हेन्री फोर्डच्या कारखान्यानं १९१३ साली सरकती लाइन सुरू केली आणि ज्या सांगाड्याला साडेबारा तास लागत, तो ९३ मिनिटांत उभा राहू लागला. मालक खूश, पण कामगार पळू लागले. तेच ते काम सोसवेना. तेव्हा १९१४ च्या जानेवारीत फोर्डनं दिवसाला पाच डॉलर जाहीर केले आणि गेटवर हजारोंची झुंबड उडाली. त्या पाच डॉलरला एक अट होती, ती आमच्या वाचकांना ओळखीची वाटेल. कंपनीचे तपासनीस कामगाराच्या घरी जात. घर स्वच्छ आहे का, दारू पितो का, पैसे शिल्लक टाकतो का, हे विचारत. आपल्याकडे रिश्ता जुळवताना पाहुणे मोहल्ल्यात चौकशी करतात, तसंच. त्या गर्दीत सिरिया-लेबनॉनकडून आलेले मुसलमान मजूरही होते. त्याच हायलँड पार्कात १९२१ मध्ये एक मशीद उभी राहिली, अमेरिकेत मशीद म्हणूनच बांधलेल्या अगदी पहिल्या इमारतींपैकी एक. लाइनवरची आपली माणसं काही आजची नाहीत.

तर चुकीचं. आमचं तिसरं वर्ष होतं. आम्ही सीट बसवत होतो. एका सीटचा बोल्ट तिरका चढला आणि आटे गेले. गनचा आवाज वेगळा आला, हाताला लगेच कळलं. डोक्यावर दोरी लटकत होती. ती ओढली की दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो आणि वेळेत निस्तरलं नाही तर लाइन थांबते. ती ओढायचीच म्हणून बांधलेली असते. आम्ही ओढली नाही. नवे होतो, लाइन थांबली तर नाव लागेल असं वाटलं. बोल्ट दाबून बसवला आणि नीट आवळल्याची पिवळी खूणसुद्धा केली.

दोन तासांनी शेवटच्या तपासणीत सीट हलली. एकाच गाडीची, पण आता बाकीच्यांचं काय, हे कुणाला ठाऊक? आम्ही सांगेपर्यंत अर्धा तास गेला आणि सांगितल्यावरही कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं, कारण खूण खोटी निघाली होती. त्या सकाळपासून निघालेल्या शंभरावर गाड्या अंगणात रांगेनं लावून एकेक सीट पुन्हा तपासली. सुपरवायझर ओरडला नाही. फक्त म्हणाला, “उद्या यात कुणाची तरी आई बसेल.” वॉर्निंग लेटर आलं ते वेगळं. ते अजून आमच्या पेटीत आहे, बेगमला माहीत नाही. आता हे वाचून कळेल.

पोराला हे सांगितलं आणि म्हटलं, विचारलं तर सांग, दोरी ओढीन.

त्याला खरं विचारायचं होतं ते वेगळंच. दुसऱ्या रात्री जेवताना निघालं. “खालू, नावामुळे अडेल का?” आणि पाठोपाठ, “जुम्याचं मुलाखतीत विचारू का?”

पहिल्याचं उत्तर आम्ही गोड करून दिलं नाही. आम्ही दोन्ही पाहिलं आहे. नाव वाचून फाइल खाली ठेवणारा एक साहेब पाहिला, आणि रमजानात आमचं स्टेशन भट्टीच्या बाजूनं हलवून इफ्तारच्या वेळेला रिलीव्हर उभा करणारा एक जोशी साहेबही पाहिला. लेखी परीक्षेचे गुण नाव बघून पडत नाहीत, म्हणून तिथे इतके मिळव की फाइल खाली ठेवणाऱ्याला कारण शोधावं लागेल. याहून शहाणं उत्तर आमच्याकडे नाही.

जुम्याचं असं, की लाइन सोडून कुणालाच जाता येत नाही, पोटात दुखलं तरी रिलीव्हर आल्याशिवाय हलता येत नाही. हा नियम सगळ्यांना आहे. आमच्या कारखान्यात पाळ्या आठवड्याला बदलत. दुसरी पाळी असली तर जुमा करून बस पकडता येई, रात्रपाळीत प्रश्नच नाही. पहिल्या पाळीच्या आठवड्यात मात्र गेटबाहेर जाता येत नसे. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमागे जोहर पढून आम्ही परत येत असू. मुलाखतीत हे काढू नकोस, म्हटलं. आधी तीन महिने वेळेवर जा, मग टीम लीडरला समोर बसून विचार. मागणाऱ्याचा हात चांगला असला की रिलीव्हर मिळतो.

पोराची बहीण बारावीला आहे. ती मागून म्हणाली, “मला घेतील का कंपनीत?” तिची आई हसली. आम्ही हसलो नाही. १९७४ साली याच पिंपरीतल्या टेल्कोची इंजिनिअर हवेत अशी जाहिरात होती आणि खाली ओळ होती, मुलींनी अर्ज करू नये. बंगळूरला शिकणाऱ्या एका मुलीनं थेट जे. आर. डी. टाटांच्या नावे पोस्टकार्ड लिहिलं. तिला पुण्याला मुलाखतीला बोलावलं आणि घेतलं. त्या सुधा मूर्ती. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात मुली चालवतात अशी लाइन आहे. पोरीला म्हटलं, आधी गणित सुधार. तिची आई आता हसत नव्हती.

मुलाखत झाली. साडेसात मिनिटं, पोरानं घड्याळ लावलं होतं. एम ८ विचारला नाही. व्हर्नियर हातात देऊन एका पिनचं माप घ्यायला लावलं. रिक्षाचं इंजिन खोलल्याचं सांगितल्यावर शॉपवाला पुढे सरकून बसला आणि निम्मा वेळ त्यातच गेला. दोरीचा प्रश्न आला. यानं उत्तर दिल्यावर समोरच्यानं विचारलं, “हे कुणी शिकवलं?” हा म्हणाला, “खालूंनी, त्यांनी ओढली नव्हती.” दोघंही हसले म्हणे.

निकाल आला: एक वर्षाची अ‍ॅप्रेंटिसशिप. विद्यावेतन बारा हजारांच्या आसपास. आणि त्याच आठवड्यात एका ठेकेदाराचा फोन, त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या कारखान्यात हेल्पर म्हणून, हातात सतरा हजार, उद्यापासून या.

घरात दोन तट पडले. बहीण म्हणे, पाच हजार जास्त आहेत, शिवाय ‘कंपनीत लागला’ असं म्हणता तरी येईल. तिचे मियाँ काहीच म्हणत नव्हते. त्यांच्या रिक्षाचे हप्ते चालू आहेत, त्यामुळे पाच हजार म्हणजे काय, ते त्यांना सगळ्यांत जास्त ठाऊक.

आम्ही कागद मांडून बसलो. अ‍ॅप्रेंटिसचा कायदा १९६१ चा आहे. वर्ष झालं की कंपनीनं नोकरी द्यायलाच हवी, असं त्यात नाही. हे आधी बोललेलं बरं, नाहीतर वर्षानं रडारड होते. पण परीक्षा पास झाला तर राष्ट्रीय सर्टिफिकेट हाती येतं आणि पुढच्या भरतीत ते मोजलं जातं. ठेकेदाराकडे गेला तर सर्टिफिकेट नाही. तिथं ठेकेदाराला लायसन आहे का, पगाराची स्लिप मिळते का, पीएफचा नंबर निघून त्यात दरमहा पैसे जमा होतात का, ईएसआयचं कार्ड मिळतं का, जादा तासांना दुप्पट दर लागतो का, हे सगळं आपणच बघायचं. हे सगळं नीट देणारे ठेकेदार आहेत. या ठेकेदाराला आम्ही फोन करून स्लिपचं विचारलं, तर म्हणाला, “स्लिप कशाला, रोख देतो की.” मधल्या काळात ‘नीम’ नावाची एक ट्रेनी योजना होती, २०१३ साली आलेली. तिच्यात शेकड्यांनी पोरं ट्रेनी म्हणून लाइनवर कामगाराचंच काम करत राहिली. पुढे ती गुंडाळली गेली. म्हणून नावावर जाऊ नका, हातात कागद कुठला येतो ते बघा, असं आम्ही बहिणीला सांगितलं.

शेवटी रिक्षावाले बोलले. “एक साल मैं खींच लूंगा,” एवढंच. अ‍ॅप्रेंटिसशिप ठरली.

राहिलं शिरूर. बहिणीचं म्हणणं, वर्षभर कशाला सांगायचं, तोवर निकाह होऊन जाईल, पुढे अल्ला मालिक. आम्ही म्हटलं, सांगायचं, आणि आधी सांगायचं. ती दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. बेगमनं समजावलं. कशी समजावलं ते आम्हाला ठाऊक नाही, आतल्या खोलीत चाललं होतं. रविवारी आम्ही, पोरगा आणि त्याचे अब्बा रिक्षानंच शिरूरला गेलो.

मुलीचे वडील किराणा चालवतात. आम्ही खोटा कागद, कंगन, मुलाखत, अ‍ॅप्रेंटिस, सगळं सरळ सांगितलं. ते बराच वेळ वहीवर पेन्सिल आपटत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे परमनंट नाही.”

“नाही. आणि परमनंटचंही ऐका,” आम्ही म्हटलं. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. तिथं लागलेली पोरं परमनंट होती, त्यांची लग्नं त्याच जोरावर झाली. कंपनीनं २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणं बंद केलं, २०२० च्या डिसेंबरात उत्पादन थांबलं. हजाराहून जास्त कामगार रस्त्यावर आणि कोर्टात गेले. पुढे तो कारखाना ह्युंदाईनं घेतला. गेट तेच राहिलं, आतली ती पोरं नाही.

“मग मी भरवसा कशावर ठेवू?” त्यांनी विचारलं.

याचं उत्तर आम्ही द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात पोरगा म्हणाला, “माझं फिटरचं काम येतं. कारखाना बंद झाला तरी पाना हातात आहे.” त्याच्या अब्बांनी त्याच्याकडे पाहिलं. मुलीच्या वडिलांनी चहा मागवला. चहा झाल्यावर म्हणाले, “मला थोडे दिवस द्या. मुलीलाही विचारतो.” निघताना आतून एक प्रश्न आला, मुलीच्या आईमार्फत. रात्रपाळी महिन्यात किती दिवस असते? पोरानं सांगितलं, तीनातला एक आठवडा, पण अ‍ॅप्रेंटिसला सध्या दिवसपाळीच आहे. आतून पुढे काही आलं नाही.

हे लिहीपर्यंत शिरूरचा निरोप आलेला नाही. आम्ही फोन केलेला नाही आणि बहिणीलाही करू दिलेला नाही.

सोमवारी पोरगा रुजू झाला. त्याला पेंट शॉप मिळालं आहे. पहाटे पावणेसहाला बस चौकात येते. आदल्या रात्री त्याच्या अम्मीनं डबा, टॉवेल, ओळखपत्र आणि अत्तराची छोटी कुपी पिशवीत घातली, पहिला दिवस म्हणून. आम्ही कुपी काढून ठेवायला सांगितली. पेंट शॉपमध्ये अत्तर, सेंट, केसांचं जेल काही चालत नाही. अशा पदार्थांत सिलिकॉन असलं आणि त्याचा अंश जरी पत्र्यावर गेला, तरी रंग तिथे बसत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. ती म्हणाली, “एक बूंद से भी?” एक बूंद से भी. तिनं कुपी कपाटात ठेवली आणि पोराला बजावलं, आंघोळ साध्या साबणानं कर, केसाला तेलही लावू नकोस.